वाचलेलं पाणी कोणाचं?



३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात पुणे जिल्ह्यातले पाच तालुके होते आणि त्या पाचांत शिरूरही होता, दौंडही होता. त्याला दोन वर्षंही झाली नाहीत तोच, २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, दौंड, बारामती आणि इंदापूर या पट्ट्यात भर उन्हाळ्यात असा पाऊस कोसळला की ओढे दुथडी वाहिले, पुणे-सोलापूर रस्त्यावर पाणी आलं आणि शेतात काढून ठेवलेला माल जागेवर सडला. दुष्काळाची अधिसूचना आणि अतिवृष्टीचे पंचनामे एकाच तलाठी कार्यालयात, एकाच कपाटात, दोन वर्षांच्या आत जमा झाले. हवामान बदलतंय की नाही, यावर या सभागृहात वाद घालण्याची गरज नाही. वाद घालायचा तो आपण काय करतो आहोत यावर.

‘हवामान-स्मार्ट शेती’ हा शब्दप्रयोग २०१० साली हेगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून जगभर गेला. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने त्याला तीन उद्दिष्टं जोडली. उत्पादन आणि उत्पन्न वाढावं, लहरी हवामानाला तोंड द्यायची ताकद शेतीत यावी, आणि शेतीतून वातावरणात जाणारे तापवणारे वायू कमी व्हावेत. आपल्याकडे ही उद्दिष्टं ठिबक, शेततळं, मल्चिंग, सुधारित वाण, सौरपंप आणि मोबाईलवरचा हवामान सल्ला अशा रूपांत आली. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या बाजूने मी आहे. पण या साधनांचा परिणाम काय झाला हे मोजताना आपण एकट्या शेताच्या बांधावर थांबतो. एका शेतात पाणी वाचलं, हे खरं. ते वाचलेलं पाणी पुढे कुठे गेलं, हा प्रश्न आपण विचारत नाही. आज मला तोच विचारायचा आहे.

आधी जमीन पाहू. ताम्हिणीच्या घाटात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेला सव्वाशे किलोमीटरवर दौंड. इथे साडेचारशे ते साडेपाचशे मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत, आणि दोन्ही तालुक्यांत दोन वेगळे देश आहेत. शिरूरच्या पूर्वेला मांडवगण फराटा, न्हावरे हा नदी-कालव्याचा ऊसपट्टा, तर पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, धामारी ही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं. दौंडच्या उत्तरेला यवत, केडगाव, पाटस हा कालव्याचा आणि गुऱ्हाळांचा भाग, तर दक्षिणेला कुसेगाव, पडवी, हिंगणीगाडा, जिरेगाव, वासुंदे ही जिरायती. त्याच बाजूच्या खोरने अंजिराने नाव कमावलं आणि तेही थोडक्या पाण्यावर. तालुक्याचं सरासरी उत्पन्न सांगणारा कोणताही आकडा या दोन देशांना एकत्र मिसळून टाकतो, म्हणून तो मी आज सांगणार नाही.

या भूमीतल्या कोरडवाहू शेतीचा अभ्यास आजचा नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. दुसऱ्या पाहणीसाठी त्यांनी मुद्दाम पुण्यापासून लांबचं, बागायत नसलेलं, निव्वळ पावसावर जगणारं गाव निवडलं. ते होतं आपल्या शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. १९२१ साली ही पाहणी पुस्तकरूपाने आली आणि तिच्यावर मान यांच्याबरोबर सहलेखक म्हणून ना. वि. कानिटकर यांचं नाव आहे. कोणाकडे किती तुकडे, किती बैल, किती कर्ज, कोण पोटासाठी मुंबईला जातो, हे सगळं त्यांनी घरोघर जाऊन लिहून घेतलं. चित्र भीषण होतं. गावातली बहुसंख्य घरं शेतीवर भागत नव्हती.

कानिटकर तेवढ्यावर थांबले नाहीत, म्हणून ते मला मोठे वाटतात. पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली व्ही. ए. तम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले होते. १९२६ पासून कानिटकरांनी ते पुढे नेले. १९३३ मध्ये सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र उभं राहिलं आणि १९४४ मध्ये कानिटकरांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ आला. देशातल्या या शास्त्राचा एक पाया असा जातेगावच्या पाहणीत सापडतो. तम्हाण्यांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१० साली त्यांनी आणि मान यांनी नीरा खोऱ्यातल्या कालव्याखालच्या खारपड जमिनींवर अहवाल लिहिला होता. म्हणजे पाणी कमी पडल्याने जमीन कशी उपाशी राहते आणि पाणी जास्त झाल्याने ती कशी मरते, हे दोन्ही एकाच पिढीतल्या, आपल्या शेजारच्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

त्या प्रयोगांतून जी पद्धत तयार झाली ती आजही खरी आहे. समपातळीत बांध घालायचे, म्हणजे पडलेला पाऊस शिवाराबाहेर पळणार नाही. दोन ओळींत अंतर जास्त ठेवायचं, म्हणजे प्रत्येक ताटाला ओलीचा मोठा वाटा मिळेल. बियाणं कमी टाकायचं. आणि कुळव-कोळपं सतत हलतं ठेवायचं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची रब्बी ज्वारीची शिफारस आज वाचली तर तिच्यात हाच धागा दिसतो. पेरणीआधी शेतात सपाट वाफे पाडून परतीचा पाऊस जागच्या जागी मुरवायचा, पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबरच्या दरम्यान पेरायचं, आणि मग तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात तीन कोळपण्या. पहिली फटीच्या कोळप्याने, दुसरी पासेच्या, तिसरी दातेरी. काळ्या जमिनीला ओल उडू लागली की भेगा पडतात आणि भेगांतून खालच्या थरातली ओल आणखी वेगाने उडते. कोळप्याने वरची दोन बोटं माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि वर मातीचंच आच्छादन तयार होतं. ‘कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं आपल्याकडचे म्हातारे म्हणतात त्याचं शास्त्र एवढंच आहे. जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणही आता वेगळे आहेत. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी, भारीला फुले वसुधा. खरिपात बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतली, तर जुलैत ओढ दिलेला पाऊस बाजरीला मारतो पण सप्टेंबरचा पाऊस तुरीला तारतो. यात कसलं यंत्र नाही, अनुदानाचा अर्ज नाही, म्हणून यावर फलक लागत नाही. माझ्या मते या दोन तालुक्यांतल्या जिरायती गावांसाठी सगळ्यात मोलाची हवामान-स्मार्ट शेती हीच आहे, आणि नेमकी हीच आज मोडत चालली आहे. बैल गेले, तशा कोळपण्या गेल्या. तणनाशक आलं. तणनाशक तण मारतं, भेगा बुजवत नाही.

आता जातेगाव बुद्रुकबद्दल एक आजची गोष्ट. १९२१ साली कोरडवाहू गावाचा नमुना म्हणून निवडलेल्या त्या गावात आज साखर कारखाना आहे. पाणी आलं, ऊस आला, कारखाना आला. मी याला अधःपतन म्हणणार नाही. ज्या गावाला पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागत होती, त्याच्या दारात काम आलं. प्रश्न असा की हे पाणी किती जणांचं आणि किती वर्षांचं.

कारण या भागात हवामानाचं संकट नेहमी कर्जाच्या दारातून घरात आलं आहे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका देशमुखांच्या घरावर सावकाराने हुकूमनामा आणला आणि गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि खतं जळाली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आणि आजच्या दौंडचा भागही तेव्हा त्याच तालुक्यात होता. तो उठाव पेटला त्याची कारणं सारावाढ, कापसाचे कोसळलेले भाव आणि सावकारी व्याज ही होती. १८७९ चा दक्षिणी शेतकरी कायदा त्यातूनच आला. उठावानंतर लगोलग १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला होता, त्या वेळी कर्जाने आधीच पोखरलेल्या घरांना तो झेपला नाही. आज ठिबकचं, बोअरचं, शेततळ्याच्या कागदाचं कर्ज काढताना ही गोष्ट आठवावी. साधन स्मार्ट असलं तरी हप्ता पावसाकडे पाहत नाही.

आता कालव्याकडे येऊ. खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात बांधून पूर्ण झालं आणि त्याच्या उजव्या कालव्याने पुण्याच्या पूर्वेची जमीन भिजू लागली. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी. त्यातलं पुणे शहर किती पिणार आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला किती उरणार, हे दर वर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि शहर जसं वाढतं तसं आवर्तन आकसतं. त्यावर उपाय म्हणून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडायचं आणि त्याच्या बदल्यात तेवढं धरणाचं पाणी वाचवायचं असं ठरलं. वर्षाला साडेसहा टीएमसी हा त्याचा आकडा. शहराचं वापरलेलं पाणी शेतीला फिरवणं ही कल्पना उत्तम आहे आणि पुढच्या काळात तिच्याशिवाय गत्यंतर नाही. पण सांडपाण्यावर प्रक्रिया पुरी झालेली असेल तरच. अर्धवट शुद्ध पाण्यातून क्षार येतात, साबण येतो, कारखान्यांचं काय काय येतं, आणि दौंडच्या काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनीत ते साठत जातं. मान आणि तम्हाण्यांनी नीरा खोऱ्यात पाहिलेली खारपड आपल्या मुळा-मुठेच्या काठावर वेगळ्या कारणाने पुन्हा उभी राहू नये, ही जबाबदारी शहराची आहे. दौंडच्या शेतकऱ्याने शहराकडून पाण्याच्या प्रमाणाबरोबर पाण्याच्या प्रतीचा दर महिन्याचा लेखी अहवाल मागावा. तो त्याचा हक्क आहे.

थोडं गणित करू. एका एकरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २० लाख लिटर पाणी पडतं. सगळं शेतात राहत नाही, पण राहतं असं धरू. उसाला मोकाट पाटाने पाणी दिलं तर वर्षभरात एकूण अडीच मीटर खोलीचं पाणी लागतं, म्हणजे एकरी एक कोटी लिटर. एक एकर ऊस म्हणजे पाच एकरांवरचा सगळा पाऊस. ठिबकने ते निम्म्यावर आणलं, तरी अडीच एकरांचा पाऊस. रब्बी ज्वारीला जमिनीतल्या ओलीवर, फार तर एखाद्या संरक्षित पाण्यावर, पीक येतं. हे आकडे बघितले की समजतं, या दोन तालुक्यांत ऊस जिथे जिथे आहे तिथे कुठून तरी, कोणाचा तरी पाऊस आणून टाकलेला आहे. कालव्याने घाटमाथ्याचा, बोअरने शेजाऱ्याचा.

ऊस घेणाऱ्याला मी दोष देत नाही. उसाला रास्त आणि किफायतशीर दर आहे, कारखाना तोडून नेतो, गारपिटीत सगळं पीक जात नाही, पाणी आठवडाभर लांबलं तरी ऊस तग धरतो, आणि उभ्या उसावर बँक कर्ज देते. बाजरीला हमीभाव कागदावर आहे. केडगावच्या बाजारात कांद्याचं काय होईल हे सकाळी निघताना माहीत नसतं. हवामानाचा धोका आणि बाजाराचा धोका असे दोन धोके डोक्यावर असताना माणूस ज्या पिकात दोन्ही कमी तेच धरणार. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, बाजरीच्या भाकरीचे फोटो सगळीकडे आले. शिरूरच्या बाजरीला हमीभावाने उचलणारं खरेदी केंद्र कायमचं असेल आणि शाळेच्या पोषण आहारात ती जाईल, तेव्हा त्या वर्षाचा उपयोग झाला म्हणता येईल.

तर ठिबक. पाटाने पाणी देताना जे जास्तीचं पाणी जातं त्याचे तीन भाग होतात. काही उघड्या जमिनीतून आणि तणांतून हवेत जातं, ते खरं वाया गेलेलं. काही ओढ्यात जातं. आणि काही मुरून खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं. ठिबकने पहिल्या भागात खरी बचत होते आणि ती मोठी आहे. वाफसा टिकतो, मुळांना हवा मिळते, खत थेंबाथेंबाने मुळाशी जातं म्हणून युरिया कमी लागतो आणि युरियातून हवेत सुटणारा नायट्रस ऑक्साइडही कमी होतो. उत्पादन वाढतं. पण तिसरा भाग, खालच्या विहिरीत उतरणारा, तोही थांबतो. मग ज्याने ठिबक बसवलं तो काय करतो? विहीर तीच, वीज तीच, पाणी निम्मं लागतं, म्हणून ऊस एक एकराचा दोन एकर करतो. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, अनुदानाच्या अटीतही याला आडकाठी नाही. पण गावाच्या हिशेबात विहिरीतून पाणी पूर्वीइतकंच उपसलं गेलं, खाली मुरणारं मात्र बंद झालं. एका शेताची बचत झाली आणि गावाच्या विहिरी आणखी खाली गेल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ठिबक वाईट नाही. ठिबकने वाचलेल्या पाण्याला मालक नेमलेला नाही, ही खोट आहे.

शेततळ्याचं तसंच. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २० ते २२ लाख लिटर पाणी मावतं. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी त्यात अडवलं तर ऑगस्टच्या खंडात एक-दोन संरक्षित पाणी देऊन बाजरी-मूग वाचतात, डाळिंबाचा बहार वाचतो. पावसाच्या लहरीवर याच्याइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. पण ज्या शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरून बोअरने, रात्रंदिवस मोटर लावून भरलं जातं, त्यात पावसाचं पाणी नसतंच. गावाच्या पोटातलं सामायिक पाणी उपसून एकाच्या नावावर वर आणून ठेवलेलं असतं. आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत उघड्या तळ्यातून पाऊण ते एक मीटर पाणी नुसतं उन्हाने उडतं. खडकाच्या फटीत झाकलेलं होतं ते आपण उन्हात काढून ठेवलं. बोअरने भरलेल्या शेततळ्याला हवामान-स्मार्ट म्हणणं मला मान्य नाही, आणि अशा तळ्याला सार्वजनिक पैसा मिळू नये.

सौरपंपाचाही विचार याच बाजूने करावा लागेल. दिवसा वीज मिळावी ही शिरूरची मागणी जिवाची मागणी आहे. घोड-कुकडीच्या उसात बिबट्या आहे आणि रात्रीच्या पाळीला दारं धरायला जाणारा माणूस जीव मुठीत घेऊन जातो. सौरपंप त्याला दिवसा पाणी देतो, कोळशाची वीज वाचवतो. पण सूर्य असेपर्यंत फुकट उपसा होतो. पंप सौर करायचा तर त्याच्या जोडीने विहिरीची पाणीपातळी मोजायचीच, असा नियम हवा.

जिथे निखळ फायदा झाला आहे अशाही गोष्टी आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. उसाचं पाचट. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, आणि वर्षानुवर्षं आपण ते पेटवत आलो. धूर हवेत, जमिनीवरचे जिवाणू भाजलेले, आणि सेंद्रिय कर्ब ज्या जमिनीत आधीच अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो तिथे आठ-दहा टन पाचटाचं सोनं जाळलेलं. खोडव्यात तेच पाचट सरीत दाबून त्यावर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाकले की तण थांबतं, पाण्याच्या पाळ्या कमी होतात आणि जमीन वर्षागणिक मऊ होते. इथे वाचलेल्या पाण्याचं भांडण नाही, कारण वाचतं ते उडून जाणारं पाणी. दौंडची काही गुऱ्हाळं चिपाडाऐवजी प्लॅस्टिकचा कचरा जाळतात अशा तक्रारी येतात. जो गूळ आपण चांगल्या नावाने विकतो त्याच्या चुलाण्यात हे चालता कामा नये.

कांद्यातही बरंच झालं आहे. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने आपल्याच नदीच्या नावाने भीमा शक्ती, भीमा किरण असे वाण दिले, ते चाळीत पाच-सहा महिने टिकतात. रुंद गादीवाफ्यावर ठिबकने लावलेल्या कांद्यात अवकाळी पावसाचं पाणी साचत नाही, सड कमी होते. मे २०२५ सारखा पाऊस मात्र गादीवाफ्यालाही झेपत नाही, तिथे पत्र्याची हवेशीर कांदाचाळच लागते. दुधाच्या धंद्यात मुरघासाने मोठं काम केलं. पावसात मका कापून हवाबंद ठेवला की मे महिन्यात गोठ्याला चारा मिळतो, दुष्काळात छावणीची वाट पाहावी लागत नाही. मुक्तसंचार गोठ्यात सावली आणि पाणी जवळ असलं की संकरित गायीला उन्हाचा ताण कमी बसतो.

बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर उसाचे प्रयोग चालू आहेत, राज्याने २०२५ मध्ये शेतीत ही बुद्धिमत्ता वापरण्यासाठी धोरणही केलं. मातीतला सेन्सर आणि उपग्रह मिळून कुठल्या सरीला कधी पाणी द्यायचं ते मोबाईलवर येतं. चांगलं आहे. अंदाज अचूक होतील, खत वाचेल. तरीही विहीर कोणाची हा प्रश्न सेन्सर सोडवणार नाही. पीकविम्याबद्दल एकच म्हणेन. २०२३ मध्ये एका रुपयात विमा आला आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला, शिवाय स्थानिक आपत्तीची भरपाईही योजनेतून गेली. मे महिन्यात ढगफुटी होणाऱ्या काळात हे पाऊल उलट्या दिशेचं आहे.

आणखी एक गोष्ट. ठिबकच्या नळ्या साफ करणं, पाचट दाबणं, मुरघासाच्या पिशव्या भरणं, रोप लागण, खुरपणी, यातलं बरंचसं काम बायका करतात. सातबारा मात्र बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो, म्हणून प्रशिक्षण त्याला, अनुदान त्याला, विमा त्याला. ज्या हातांनी नवी पद्धत राबवायची त्यांना ती शिकवलीच जात नाही. कृषी सहायकांनी गावात बैठक घेताना वेळ बायकांना विचारून ठरवावी.

वाचलेल्या पाण्याला मालक नेमण्याचा प्रयोग आपल्या शेजारी झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे उद्योजक पुरंदर तालुक्यात नायगावला आले आणि तिथून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम साधे आणि कठोर होते. पाणी जमिनीच्या मानाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मानाने मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस घ्यायचा नाही. शिरूरच्या शेजारी, अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजारला ग्रामसभा दर वर्षी पावसाचा आणि विहिरींचा हिशेब मांडून रब्बीला काय पेरायचं ते ठरवते. तिथे शेतीसाठी बोअर घेत नाहीत. हे गाव वेगळं, तिथला पुढारी वेगळा, असं म्हणून आपण सुटका करून घेतो. पुरंदरचा आणि पारनेर-नगरचा पाऊस आपल्याहून फार वेगळा नाही.

कायदा तर आपल्या बाजूने आहेच. २००५ च्या कायद्याने कालव्यावरच्या पाणीवापर संस्थेला घनमापनाने, म्हणजे मोजून पाणी घ्यायचा आणि त्यात कोणतं पीक घ्यायचं ते स्वतः ठरवायचा हक्क दिला. मोजून पाणी मिळालं की वाचवलेलं पाणी संस्थेचं राहतं, पुढच्या पाळीला किंवा शेवटच्या शेतकऱ्याला देता येतं. २००९ चा भूजल कायदा शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालतो. आपल्या तालुक्यांत बोअरची खोली आज फुटांच्या शेकड्यांत मोजली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. मुख्यतः मराठवाडा-विदर्भासाठी हवामानाला तोंड देणारा जो मोठा प्रकल्प, नानाजी देशमुख कृषी संजीवनी, २०१८ पासून चालला, त्याच्या पहिल्या टप्प्यात पुणे जिल्हा नव्हता. पश्चिम महाराष्ट्र म्हणजे बागायतीचा प्रदेश या समजुतीखाली केंदूर आणि कुसेगाव झाकली जातात. त्यांना स्वतंत्र न्याय हवा, आणि तो तालुक्याच्या सरासरीवर नव्हे, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर ठरायला हवा.

म्हणून एक मागणं आपल्यापाशी, आणि ते याच वर्षी करता येण्यासारखं आहे. परतीचा पाऊस संपला की, रब्बीची पेरणी सुरू होण्याआधी, आपल्या गावात ग्रामसभा बोलवा. मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा आणा. चारही बाजूंच्या आठ-दहा विहिरींची पाणीपातळी दोरी टाकून मोजा आणि ती शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहा. गावात किती एकर ठिबक आहे, किती शेततळी बोअरने भरतात, किती नवी बोअर यंदा पडली, हे त्या सभेत मोठ्याने वाचा, कोणाचं नाव न घेता. मग पिण्याचं पाणी, जनावरांचं पाणी बाजूला काढून जे उरतं त्यात यंदा उसाची नवी लागण किती करायची ते ठरवा. पहिल्या वर्षी भांडण होईल. होऊ द्या. दुसऱ्या वर्षीही सभा घ्या आणि भिंतीवर दुसरा आकडा पहिल्याच्या खाली लिहा.